चेहरा झाकणारे हात

१

गळा आवळून झालेल्या खुनांचा अभ्यास ज्या केंद्रात चालायचा, त्याच केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या खोलीत, तिथलीच एक संशोधिका गळा आवळून मारलेली सापडली. जिना चढता चढता हवालदार म्हणाला, "मॅडम, यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार."

इन्स्पेक्टर बाई पुढे चढत राहिल्या. पोलीस खात्यात त्यांना पाठीमागे चाळणीबाई म्हणत. ऐकलेलं सगळं चाळून घेतात म्हणून, असं त्यांच्या बाजूचे सांगत. चाळणीत भोकंच जास्त म्हणून, असं बाकीचे. बाईंना दोन्ही कारणं ठाऊक होती आणि दोन्हींचं वाईट वाटत नव्हतं.

खोलीत लोखंडी मांडण्यांच्या रांगा होत्या. बाहेर व्हरांड्याची फरशी निम्मी पुसलेली, निम्मी कोरडी. पोचा तसाच बादलीत उभा. दोन मांडण्यांच्या मधे संशोधिका उताणी पडली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तिचीच लोकरी शाल होती. बाईंनी खाली बसून शाल उचलली तसा फिनेलचा वास नाकात शिरला. पस्तिशीची बाई, खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी, गळ्याभोवती दोरीचा वळ. फायलींचे गठ्ठे बांधायची सुती दोरी शेजारीच पडली होती, कापलेली. बाईंनी पाहायचं ते पाहिलं, शाल पुन्हा कपाळापर्यंत नीट ओढली आणि त्या उठल्या.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते केंद्राच्या उपप्रमुखांनी. या गृहस्थांना सगळे थंडोबा म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर, आणि त्यांना ते आवडायचं. आवाज कधी चढला नाही, घाम कधी फुटला नाही असा हा माणूस. आत्ताही भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, जणू हवामानाबद्दल सांगावं तसं सांगत होता.

"मी फाइल न्यायला आलो. चेहरा शालीनं झाकलेला होता. शाल बाजूला केली. वाटलं, अजून जीव असेल. तिथल्या कात्रीनं दोरी कापली, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. नाही उपयोग झाला. बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारून इथं उभं केलं, चेहरा परत झाकला आणि फोन करायला खाली माझ्या खोलीत गेलो."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तोवर येऊन पोचल्या होत्या. केंद्रात त्या शिकवायलाही यायच्या. गळ्यावरचा वळ आणि कापलेली दोरी आलटून पालटून पाहत त्या म्हणाल्या, "काम मात्र बघण्यासारखं आहे हो. गाठ पुढे, गळ्याशी. काप मागे, मानेशी. एवढी दाट वेणी मधे, पण एक केस कापला गेलेला नाही. गाठ जशीच्या तशी. गाठ म्हणजे बांधणाऱ्याची सही, ती कापायची नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना ओरडून सांगितलं तरी ते बरोबर गाठीवरच कात्री चालवतात."

"थंडोबाच तो," हवालदार कौतुकानं पुटपुटला. थंडोबांनी मान किंचित लववली.

डॉक्टरीणबाईंनीही जाताना शाल सारखी केली.

केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळं शहर नुसतं 'सर' म्हणायचं, ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडत होते. गुन्हा पाहून गुन्हेगार कसा असेल ते सांगायचं, त्याला इथं प्रोफाइल म्हणत, आणि सरांच्या प्रोफाइलवर पोलिसांचा वेदवाक्यासारखा विश्वास होता. त्यातलं सगळ्यात गाजलेलं सूत्र तर हवालदारालाही पाठ होतं: गळा आवळून मारलं आणि मग चेहरा झाकला, म्हणजे मारणारा घरचा. परक्याला लाज वाटत नाही, आपल्याला वाटते.

त्यामुळे मोठ्या साहेबांचा फोन यायला वेळ लागला नाही. "चेहरा झाकलाय ना? मग विचार कसला करताय? नवऱ्याला उचला."

"साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"उद्या संध्याकाळ. त्यानंतर मी ऐकणार नाही."

बाईंनी फोन ठेवला. तेवढ्यात वॉचमन पुढे आला आणि चाचरत म्हणाला, "मॅडम, त्यांचा नवरा आज इथं आला होता. मागच्या जिन्यानं गेला. लालबुंद झाला होता."

२

नवरा बाइंडर होता. पुढे दुकान, मागे घर. दुकानात पुठ्ठे, खळीचा डबा, आणि खुंटीला टांगलेलं तेच ते सुती दोरीचं बंडल. केंद्राचे प्रबंध हाच बांधायचा, दोरीही हाच पुरवायचा. हवालदारानं बंडलाकडे पाहून बाईंना डोळ्यांनी खुणावलं. बाईंनी न पाहिल्यासारखं केलं.

"काल कुठे होतात?"

"दुकानात. दिवसभर."

"वॉचमन तसं म्हणत नाही."

बाइंडरनं ओठ चावला. मग तो खाली बसला. "गेलो होतो. बांधलेल्या प्रती पोचवायला. आमचं भांडण झालं. ती पुढच्या आठवड्यात भर सभेत बोलणार होती. यांचं ते सूत्र चुकलंय म्हणून. मी म्हटलं, बाई गं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? गप्प बस. दोघांचं पोट त्याच केंद्रावर आहे. ती काही ऐकेना. मी तणतणत निघून आलो." त्यानं जवळचा पुठ्ठा दुमडून टाकला. "गप्प बस. शेवटचं हेच बोललो मी तिच्याशी. हे कुणाला सांगायचं? म्हणून खोटं बोललो."

"सूत्र चुकलंय म्हणजे काय?"

"मला एवढं कळत नाही मॅडम. ती जेवता जेवता म्हणायची, मारणारे हात वेगळे आणि झाकणारे हात वेगळे. बरोबर येतीलच असं नाही."

तेवढ्यात आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. त्यांची लहानगी शाळा-शाळा खेळत होती. पाण्याच्या बाटलीचा पट्टा तिनं गळ्यात घातला होता आणि त्याची गाठ खुर्चीच्या दांडीत अडकून पट्टा गळ्याशी ताणला गेला होता. पोरगी रडण्याऐवजी घोगरा आवाज काढत होती. बाइंडरनं एका उडीत तिला गाठलं आणि गाठीत नखं खुपसली. सुटेना तसा गाठीला दातच लावला. कात्री हाताजवळ टेबलावर पडली होती, रोजची, सवयीची. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

गाठ सुटली. पोरगी जोरात रडली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. हवालदारानं तिला खिशातली गोळी दिली. पोरीनं हुंदके देत विचारलं, "आई आली?"

बाइंडरनं तिला उचलून कडेवर घेतलं.

निघताना बाइंडर दारापर्यंत आला. "मला नेणार ना तुम्ही? सगळे तसंच म्हणतायत. माझी हरकत नाही मॅडम, पण हिला बघायला कुणी नाही. तिच्या बाजूचं कुणी उरलं नाही, माझ्याकडचं तर नव्हतंच. मला नेलंत तर हिला कुठे ठेवायचं, तेवढं सांगा."

"संध्याकाळी चौकीवर या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाचा त्यांना राग आला.

जीपमध्ये हवालदार म्हणाला, "माणूस चांगला वाटतो."

"चांगली माणसंही गळा आवळतात. केंद्रात जाऊन विचार."

"पण मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्या बाईच्या बोलण्यानं बुडणार होतं कोण, ते आधी बघावं."

३

बुडणार होते सर. निदान वरवर पाहता तरी. सूत्र त्यांचं, नाव त्यांचं. शिवाय खुनाच्या आदल्याच दिवशी संशोधिका त्यांच्या खोलीत चढ्या आवाजात बोलत होती, हे शिपायापासून सगळ्यांनी ऐकलं होतं.

"भांडत नव्हती ती," सर म्हणाले. "आनंदानं ओरडत होती. आपण चुकलोय हे कळल्यावर इतका आनंद होणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला आधी राग आला. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला म्हटलं, सभेत तूच बोल, मी पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवतो. या वयात खोट्या मोठेपणाची झूल पाठीवर घेऊन कुठे जायचंय मला?"

"चूक काय होती?"

सरांनी चष्मा पुसला. "आम्ही जुन्या खटल्यांच्या फायली वाचतो. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, चेहरा झाकलेला होता. आम्ही धरून चाललो की झाकणारा खुनीच. तिनं काय केलं, तर उठून त्या त्या घरी गेली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. कितीतरी ठिकाणी झाकणारा भलताच निघाला. कुठे शेजारीण, कुठे वाटेनं जाणारा. माणसाला उघडा मेलेला चेहरा बघवत नाही हो, एवढं साधं. आम्ही त्याला पश्चात्ताप समजत बसलो."

बाई सावध झाल्या. "यानं कुणाला शिक्षा झाली?"

"एका जावयाला. सासूच्या खुनाबद्दल. दुसरा पुरावा लंगडाच होता. केंद्रातर्फे कोर्टात साक्ष दिली ती आमच्या उपप्रमुखांनी. चादर घातली ती शेजारणीनं, हे हिनं परवा शोधून काढलं. शेजारीण आणखीही काहीतरी म्हणाली होती, पण ते ती आधी उपप्रमुखांनाच विचारणार होती. म्हणाली, माणसाला आपली बाजू मांडू द्यावी."

"त्यांनी काय सांगितलं?"

"ते विचारायला ती गेली, आणि मग..." सर थांबले. "छे छे. तो थंड डोक्याचा माणूस आहे. पुढच्या महिन्यात माझी खुर्ची त्यालाच मिळणार. त्याच्याबद्दल असं मनातसुद्धा आणू नका. त्यानं तर तिला वाचवायची धडपड केली."

बाहेर येऊन बाईंनी हवालदाराला शेजारणीचा शोध घ्यायला सांगितलं आणि स्वतः शवागार गाठलं. संशय आला म्हणून कुणाला बेड्या घालता येत नाहीत. सुतावरून स्वर्ग गाठणारे अधिकारी त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्या केसेस कोर्टात आपटतानाही पाहिल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी नवीन काही सांगितलं नाही. झटापट थोडी, जोर बराच, घरचा की परका ते शरीर बोलत नाही. बोलणं संपलं तशी त्यांनी पांढरी चादर संशोधिकेच्या चेहऱ्यावर ओढली आणि हात धुवायला वळल्या.

बाई तिथंच खिळून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुम्ही आत्ता चेहरा का झाकलात?"

"मी? कधी?" डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. "हो की. लक्षातच नाही आलं. कुणीही झाकेल."

कुणीही झाकेल. काल त्या खोलीत शेवटी शाल सारखी करून उठल्या होत्या त्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या आधी स्वतः इन्स्पेक्टर बाई, कपाळापर्यंत नीट ओढून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंना फिनेलचा वास आठवला. फरशीचा नव्हे. शालीचा.

"डॉक्टर, हातातलं काम ठेवा आणि माझ्याबरोबर केंद्रात चला," त्या म्हणाल्या. "एक छोटी परीक्षा घ्यायचीय. तुमचीसुद्धा."

४

केंद्राच्या शिकवणीच्या खोलीत टेबलावर एक रबरी बाहुली निजवलेली असायची, माणसाएवढी, डोक्याला केसांचा टोप. विद्यार्थी तिला काकू म्हणत. काकूच्या गळ्याला सुती दोरी आवळलेली, गाठ पुढे. शेजारी कात्री. खोलीत सर, डॉक्टरीणबाई, हवालदार आणि थंडोबा. दाराशी पुसणाऱ्या मावशी, कशाला बोलावलं ते न कळून पदराशी चाळा करत.

"डॉक्टर, तुम्ही पहिल्या," बाई म्हणाल्या. "काकू जिवंत आहे. श्वास कोंडलाय. वाचवा."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण बाईंनी "जीव चाललाय, बघत काय बसलात!" असं ओरडल्याबरोबर हसू पळालं. त्यांची बोटं गळ्याजवळ दोरीत शिरली, मग त्यांनी कात्री उचलली आणि गाठीच्या अगदी लगत दोरी कचाकच कापली. गाठीच्या चिंध्या झाल्या.

दुसरी दोरी बांधली. सरांची पाळी आली. ते गाठच सोडवत बसले आणि "सुटत नाहीये, सुटत नाहीये" म्हणत खरोखरच घाबरले. तिसऱ्या वेळी हवालदारानं कशाचाही विचार न करता गाठीला दात लावले. रबराची चव लागल्यावर थू थू करत मागे आला. एरवी सगळे हसले असते.

"आता तुम्ही," बाई थंडोबांना म्हणाल्या. "काल केलंत तसंच करा."

थंडोबांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग बाह्या दुमडल्या, काकूची मान हलकेच वळवली, केस बाजूला सारले, कात्रीचं बोथट पातं मानेमागे दोरीखाली सरकवलं आणि एकच काप घेतला. गाठ जशीच्या तशी. एक केस तुटला नाही.

डॉक्टरीणबाई स्वतःच्या हाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "शवागारात मी गाठीला कधी हात लावला नाही. आणि आत्ता पहिली गाठच धरली."

"कारण मी म्हणाले, ती जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी एका बापाला पाहिलं मी. रोज कात्रीवर पोट चालतं त्याचं, तरी पोरीचा गळा अडकला तेव्हा दात वापरले. जिवंत माणसाच्या गळ्यातली गाठ कुणी जपत नाही. जपतात ती मेलेल्याची. दोरी कापताना तुम्हाला माहीत होतं की ती गेलीय. गाठ राखून दोरी कापायची इथं हाताला सवय होती, हातानं सवयीचं काम केलं."

"थंड डोकं हा गुन्हा नाही," थंडोबा म्हणाले.

"मुळीच नाही. म्हणून तुम्हाला एकच विचारते. तुम्ही पोचलात तेव्हा चेहऱ्यावर शाल होती?"

"होती. जबाबात आहे तसं."

"मावशी, तुम्हाला यांनी हाक मारली तेव्हा शाल कुठे होती?"

मावशींनी एकदा थंडोबांकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "दाराच्या मागे. खुंटीवर. ताई रोज तिथंच अडकवायच्या. साहेब म्हणाले, इथं थांबा, नि गेले फोनला. तोंड उघडंच होतं हो त्यांचं. मला बघवेना. हात ओले होते, तरी तशीच शाल काढली नि घातली अंगावर. तोंडावरूनच घेतली."

"काल का नाही बोललात?"

"विचारलं कुणी? नि त्यात सांगायचं काय? कुणीही घातली असती."

"शालीला अजून फिनेलचा वास आहे," बाई थंडोबांकडे वळल्या. "फोन करून वॉचमनला घेऊन वर आलात आणि चेहरा झाकलेला पाहिलात. आयतं घबाड हाती लागलं. शाल आधीपासूनच होती एवढं म्हटलं की पुढचं सगळं तुमचं सूत्र करणार होतं. मारणारा घरचा, नवऱ्याला उचला. ते सूत्र खोटं आहे हे सिद्ध करू शकणारी व्यक्ती तर फरशीवर पडली होती."

हवालदारानं घसा साफ केला. "मॅडम, ती शेजारीण भेटली फोनवर. म्हणाली, सासूबाईंवर चादर मी घातली, आणि हे मी तेव्हाच केंद्राच्या एका साहेबांना सांगितलं होतं. कोर्टाच्या आधी. साहेब म्हणाले, असू द्या, त्यानं काही फरक पडत नाही. फार शांत बोलायचे म्हणाली."

सर उभे होते ते खाली बसले. "तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "तो मुलगा तुरुंगात सडतोय आणि तुला माहीत होतं?"

थंडोबांच्या कपाळावर घाम आला होता. केंद्रातल्या कुणीही तो आजवर पाहिला नव्हता.

"मी तिला म्हटलं, सभा होऊन जाऊ दे, माझी नेमणूक होऊ दे," ते म्हणाले. "ती म्हणाली, तो आत आहे तोवर एक दिवससुद्धा नाही. मी तिथलीच दोरी तिच्या गळ्याला आवळली. आणि मग बाहेर बादलीचा आवाज आला. मला बाहेर पडायला जागाच उरली नाही."

म्हणून मारणाऱ्यानं वाचवणाऱ्याचं सोंग घेतलं होतं. हवालदारानं त्यांच्या हातात बेड्या घातल्या.

मावशी दाराशी अडखळल्या. "मॅडम, मी झाकायला नको होतं का? माझ्यामुळं घोटाळा झाला का?"

"नाही मावशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही नसतं झाकलं, तर मी झाकलं असतं."

५

चौकीच्या बाकावर बाइंडर बसला होता. सांगितल्या वेळेच्या कितीतरी आधीच आला होता. पोरगी मांडीवर झोपलेली. पायाशी एक पिशवी, तीत पोरीचे कपडे, तिचा कंगवा, एक चित्रांचं पुस्तक. आपल्याला आत घेतील आणि कुणीतरी हिला नेईल, या हिशेबानं त्यानं सगळं भरून आणलं होतं.

बाईंना पाहून तो उठू लागला.

"बसा. तिची झोप मोडेल," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या. कोण ते सांगितलं, का ते सांगितलं. शालीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. डोळ्यांतलं पाणी पोरीच्या केसांवर पडत होतं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

"म्हणजे तिचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"अगदी बरोबर. सर उद्याच कोर्टात अर्ज करतायत, त्या जावयासाठी. सभेत तिचंच काम वाचणार आहेत."

"मी तिला गप्प बस म्हणालो होतो."

"बसली कुठे?" बाई म्हणाल्या. "त्या शालीखालूनसुद्धा तेच सांगत होती. आम्हालाच ऐकू यायला उशीर झाला."

बाइंडरनं मान हलवली. पोरगी झोपेत कुशीवर वळली आणि तिच्या अंगावरचं पांघरूण सरकून तोंडावर आलं. बाईंनी हात पुढे केला आणि तिचा चेहरा उघडा केला.

मग त्यांनी पिशवी उचलली आणि हवालदाराला जीप काढायला सांगितली. "चला. तुम्हाला घरी सोडते."